पाच किलोमीटरचा दगड

सुरूच्या बुंध्यावर चुन्याचा शिंतोडा होता, पण त्याच्या पायथ्याशी असायला हवा तो दगड नव्हता.

हातात चुन्याचा डबा आणि कुंचला घेऊन किबोर बराच वेळ त्या झाडापुढे उभा राहिला. शिंतोडा त्याचाच होता. जानेवारीत धावपटूंच्या शिबिराचे नवे वर्ष सुरू झाले, तेव्हा पाच किलोमीटरची खूण म्हणून त्यानेच इथे भोपळ्याएवढा दगड मांडून रंगवला होता आणि रंगवता रंगवता झाडालाही थोडा प्रसाद दिला होता. पावसापूर्वी पुन्हा एक हात मारावा म्हणून आज तो आला होता. दगड मात्र खाली, उताराच्या कडेला, तांबड्या धुळीत निर्धास्त बसलेला दिसत होता. किबोर पावले मोजत खाली गेला. एकशे चव्वेचाळीस. घरंगळत आलेला दगड इतका नीट उभा राहत नाही, हे त्याला कळत होते.

डोंगरावरच्या इतेन गावात दर गुरुवारी सकाळी कोच चुमो शिबिराच्या फाटकाशी घड्याळ घेऊन उभे राहत. तीस धावपटू त्या दगडाला वळसा घालून परत येत. कोचचा गुडघा कधीच कामातून गेला होता, त्यामुळे दगड कुठे आहे हे पाहायला ते वर कधी जात नसत. ते बोलत. जानेवारीत प्रार्थनेनंतर ते भर चर्चमध्ये बोलले होते, "झेप घेऊ नका. कालच्यापेक्षा दोन पावलं पुढे, एवढंच. पण एकही दिवस चुकवायचा नाही. आणि रात्री वहीत लिहायचं, आज काय सुधारलं."

दोन वर्षे शेवटून दुसरा येणाऱ्या किबोरने ते मनावर घेतले. आणि आश्चर्य असे, की त्या महिन्यापासून दर गुरुवारी त्याची वेळ चार सेकंदांनी उतरू लागली. इतरांचीही उतरत होती, पण त्यांच्यात कधी पोट बिघडे, कधी पाय मुरगळे. किबोरची वही मात्र जिन्याच्या पायऱ्यांसारखी नेमकी. कोचनी ती वही मुलींच्या शाळेत नेली, किबोरला फळ्यापुढे उभे केले. दूध संकलन केंद्राच्या व्यवस्थापकाने भिंतीवर 'दर आठवड्याला चार सेकंद' असे लिहून घेतले. पाद्रीबाबांनी आपले प्रवचन दर रविवारी थोडे थोडे आटोपते घेतले, आणि त्याबद्दल गाव किबोरचे मनोमन आभारी होते. नैरोबीच्या निवड शर्यतीसाठी जाणाऱ्या सहा जणांची नावे पुढच्या रविवारी जाहीर व्हायची होती. सहावे नाव त्या वहीवाल्याचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. दरीतल्या गावात त्याच्या आईने मुर्सिक लावण्यासाठी दुधाचा वाळका, पोकळ भोपळा धुऊन, आतून निखारा फिरवून तयार ठेवला होता. जिंकून येणाऱ्याच्या ओठाला ते आंबट दूध तिलाच लावायचे होते.

आता किबोर दगडाशेजारी बसला आणि त्याने मनात हिशेब केला. बारा आठवडे, आठवड्याला बारा पावले. जाताना बारा, येताना बारा. चार सेकंद. जिन्याची एकेक पायरी त्याच्या डोळ्यांदेखत ढासळत गेली.

सांगून टाकावे, असे त्याला वाटले. मग शाळेतल्या त्या मुली आठवल्या. त्यांच्यापुढे, पहिल्या बाकावर शिबिरातलाच जगज्जेता सेरेम बसलेला असताना, तो म्हणाला होता, "मोठ्यांनीही शिकत राहावं. गेल्या गुरुवारी मी सेरेमच्या पुढे होतो." सेरेमने मान डोलावून ते वहीत लिहून घेतले होते. ती मान आठवून किबोरने चेहरा गुडघ्यांत घातला.

दगड एकदम वर नेला तर गुरुवारी तीसच्या तीस जण अठ्ठेचाळीस सेकंदांनी मागे पडतील आणि कोच डॉक्टरला बोलावतील. त्यापेक्षा आला तसाच जाऊ द्यावा, असे त्याने ठरवले. रोज संध्याकाळी दोन पावले वर.

पण सकाळी दगड पुन्हा जिथल्या तिथे असे. गुरुवार आला. कोणाचाच एक सेकंदही कमी झाला नाही.

"हे काय?" कोच घड्याळ कानाशी नेत म्हणाले. "सगळे एकदम अडकले?"

"कोच, वारा होता," कोणीतरी पुटपुटले.

"वारा जाताना होता तर येताना पाठीशी होता. सुस्ती आली आहे तुम्हाला. आजपासून चहात साखर बंद."

शुक्रवारी दुपारची झोप बंद झाली. शनिवारी मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा निम्मा झाला. रात्रीच्या जेवणाला तीस माणसे सुकुमाची पालेभाजी निमूट चघळत बसली होती, आणि किबोर प्रत्येकाच्या ताटातला तो कमी झालेला अर्धा गोळा मोजत होता.

त्याच्या काही वेळ आधी, दिवस मावळताना, दगड ढकलत असतानाच मागून आवाज आला होता.

"तूच का रे तो? मी म्हटलं गाय ढकलते."

वळणाच्या खालच्या अंगाला चहाची टपरी चालवणारी तापसुबेई आजी सरपणाची मोळी घेऊन उभी होती.

"आठवडा झाला, दगड जागचा हलेना," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं वय झालं. दोन दिवस जास्त दूध प्यायले."

"आजी, तू ढकलतेस हा?"

"मग कोण? सहा पावलं राहिली होती टपरीला. बुधवारपर्यंत झालं असतं."

"पण का?"

"धावणं बघायला येणारी माणसं दगडापाशी उभी राहतात. माझा चहा इथे उकळतो. वर नेईस्तोवर गार. म्हटलं, चहा वर जात नाही तर दगड खाली येऊ दे."

"मग टपरी वर न्यायची होतीस."

"वरची जमीन दिराची. त्याच्याशी बोलण्यापेक्षा दगड बरा."

किबोरला हसू येईना. "आजी, हा पाच किलोमीटरचा दगड आहे गं."

"असेल. एकदम ओढला असता तर बोंब झाली असती. पण कोच काय म्हणाला चर्चमध्ये? दोन पावलं, चुकवायचं नाही. रविवार देवाचा, तेवढा सोडला. आणि तू शाळेत म्हणालास ना, एक दिवस चुकला की सगळं चुकलं? नात सांगत आली. त्या दिवशी मला ताप होता. तरी आले."

रविवारी प्रार्थना संपली. कोचनी पाच नावे वाचली, सहाव्याआधी थांबले आणि म्हणाले, "किबोर, तू ये. दोन शब्द बोल."

किबोर पुढे गेला. दारातून दरीवरचे धुके दिसत होते. त्याला वाटले, आपण त्यात चालत जावे आणि कोणाला आठवू नये. पण एकोणतीस चेहरे कालच्या अर्ध्या उगालीवर जगत त्याच्याकडे पाहत होते.

"मी सुधारलो नाही," तो म्हणाला. "दगड खाली आला होता. मला नऊ दिवस माहीत होतं." मग त्याने चुन्याच्या शिंतोड्यापासून सगळे सांगितले. दगड कोणी हलवला एवढे मात्र सांगितले नाही.

"ते मी केलं," तिसऱ्या बाकावरून आजी म्हणाली. "पोराला उगीच एकट्याला उभं करू नका."

चर्चमध्ये असे शांत झाले, की पाद्रीबाबांना प्रवचन पुन्हा लांबवावे लागेल की काय, अशी भीती काहींच्या मनात डोकावली.

"मला ठाऊक होतं," मागून सेरेम म्हणाला. शिबिरात अंतर सांगणारे घड्याळ त्याच्या एकट्याच्या मनगटावर होते. "मी आपला सुरूपर्यंत जाऊनच वळत होतो."

"आम्हाला वाटायचं तू आडोशाला जातोस," कोणीतरी म्हणाले.

"बोलला का नाहीस?" कोचनी विचारले.

"वाटलं, तुम्हीच पोरांसाठी सोपं केलंय. म्हटलं, कशाला त्यांचं मन मोडा. आणि किबोर म्हणाला तेही खरंच होतं. शिकत राहावं. मी लिहून ठेवलंय."

हे कोणी टोमण्याने म्हटले असते तर किबोरला सोसले असते.

कोच खाली बसले. त्यांनी आपला दुखरा गुडघा चोळला. "म्हणजे तीन महिने घसा कोरडा केला मी," ते म्हणाले, "आणि या एवढ्या जणांत माझं बोलणं नीट ऐकलं ते तापसुबेई आजीने."

आजीने लाजून डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

दगड सुरूखाली सिमेंटमध्ये बसवला गेला. चहात साखर परतली. पुढच्या गुरुवारी किबोरची वेळ जानेवारीतल्या वेळेइतकीच आली. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. सहावे नाव दुसऱ्याचे झाले आणि आईने भोपळा पुन्हा खुंटीला टांगला. "राहू दे," ती फोनवर म्हणाली, "भोपळा काही नासत नाही."

कोचनी शिक्षा एकच दिली. आजीचा चहा आता किबोरने वर न्यायचा. रोज, टपरीपासून दगडापर्यंत, दीडशे पावलांचा चढ, भरलेली किटली सांडू न देता.

पहिल्या दिवशी तो धापा टाकत पोचला. त्याच्या मागून काठी टेकत आलेल्या आजीने पेल्यात ओतून एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"गार."

दुसऱ्या दिवशीही गार. तिसऱ्या दिवशी किटली निम्मी सांडली आणि उरलेला गार. पुढच्या आठवड्यात धूळ उडवत पळणाऱ्या सेरेमच्या मागून चढताना किबोर किटलीखेरीज कशाकडेही पाहत नव्हता. आजीने घोट घेतला, तोंडात घोळवला, क्षणभर दरीकडे पाहिले.

"कालच्यापेक्षा बरा," ती म्हणाली.

त्या रात्री किबोरने कितीतरी दिवसांनी वही उघडली आणि तेवढेच लिहिले.