परीक्षेची मावशी

लठ्ठपणा हा असा एकमेव आजार आहे, ज्यावरचा उपाय रोग्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असतो. शेजारणीला असतो, जावेला असतो, बसमध्ये शेजारी अंग चोरून बसलेल्या अनोळखी माणसालाही असतो. डॉक्टरांना मात्र तो शिकवावा लागतो. म्हणून त्या वैद्यकीय महाविद्यालयाने ‘बिनशस्त्रक्रिया स्थूलता-उपचार व पोषण’ हा विषय सुरू केला आणि सगळ्या अभ्यासक्रमातली एक अख्खी दुपार त्याला बहाल केली. दुपार जेवणानंतरची. (पाहणीत बहुसंख्य विद्यार्थ्यांनी समाधान नोंदवलं. उरलेल्यांना उठवून विचारणं योग्य वाटलं नाही.)

सिद्धान्त सुटसुटीत होता: कमी खा, जास्त चाला. हे रुग्णाला पाच प्रकारे सांगता आलं पाहिजे: प्रेमाने, काळजीने, दटावून, तक्त्यावर बोट ठेवून आणि दार उघडून.

प्रात्यक्षिक परीक्षेला मात्र खराखुरा लठ्ठ माणूस लागतो. ते काम मावशींकडे होतं. एरवी त्या कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर कॉलर शिवत. परीक्षा आली की रजा टाकून इथे रुग्ण म्हणून बसत. खुर्चीचे हात अरुंद, त्यामुळे मावशी तीत तिरक्या शिरत आणि उठल्या की खुर्चीही बरोबर उठे. मोठी खुर्ची मागवावी असं विभागाच्या मनात एकदा आलं होतं, पण फर्निचर हा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

मावशींना एकाच गोष्टीची रुखरुख होती. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नात झाली तेव्हापासून मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसत, जावई बाळ खाली आणी, दाखवी आणि परत वर नेई. “दुकानात साडी दाखवतात तसं दाखवतो मेला,” असं मावशी म्हणत. इतके होणारे डॉक्टर समोर बसतात, त्यांतला एखादा तरी या जिन्यापर्यंत येईल, अशी त्यांना आशा होती.

“मावशी, वजन कमी करायला हवं हं.”

“हो रे बाळा.”

पैकीच्या पैकी गुण. नमस्काराला गुण होते, सहानुभूतीने मान हलवण्याला होते (फार हलवल्यास कापले जात, कारण मग ती कीव ठरते). ऐकण्याला नव्हते. ऐकणं रुग्णाने करायचं असतं.

एका वर्षी एक पोरगी आली. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, “वजन कमी करून तुम्हाला काय करायचंय, मावशी?”

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. मावशी म्हणाल्या, “नातीला तिच्या घरात मांडीवर घ्यायचंय गं.”

पोरीने जेवणाच्या वेळा विचारल्या, झोप विचारली, पिशवीतल्या गोळ्या पाहिल्या. दम्याच्या त्या गोळ्या याच महाविद्यालयाच्या रुग्णालयाने दिलेल्या, आणि त्यांनी वजन वाढतं. म्हणजे वरच्या मजल्यावर वजन वाढवलं जात होतं आणि तळमजल्यावर ते कमी करायला सांगत होते. दोन्ही विभागांचं काम चोख होतं. एवढ्यात घंटा झाली. ‘कमी खा’ म्हणायचं राहूनच गेलं आणि पोरगी नापास झाली.

नापास झाल्यावर तिने स्वस्थ बसायला हवं होतं. ती मावशींना घेऊन लिफ्टने वरच्या मजल्यावर गेली. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत त्यांना श्वासातून ओढायच्या फवाऱ्यावर आणलं. दिवसभर चहा-बिस्किटांवर काढायचं आणि रात्री ताटावर तुटून पडायचं, हे थांबलं. गुडघ्यांचे व्यायाम सुरू झाले. पोरगी अधूनमधून कारखान्याच्या फाटकाशी येऊन विचारपूस करी.

पुढच्या परीक्षेला मावशी खुर्चीत सरळ बसल्या आणि एकट्याच उठल्या. विभागप्रमुख बघतच राहिले.

“मावशी, हे काय करून घेतलंत?”

“बरं वाटतंय, सर.”

“अहो, परीक्षा तोंडावर आलीय.”

समिती नेमली गेली. पोरीवर ‘शैक्षणिक साहित्याची नासधूस’ असा आरोप होता.

“तू यांच्यावर उपचार केलेस?”

“नाही सर, मी फक्त विचारलं.”

“कुणाच्या परवानगीने?”

पोरीला तो विषय पुन्हा करायला सांगितलं. मावशींना प्रकृतीच्या कारणास्तव कामातून मुक्त करण्यात आलं.

या निर्णयाला लोकांचाही पाठिंबा आहे, असं विभागाला वाटतं, आणि ते खोटं नाही. इथवर वाचताना तुमच्याही मनात एकच प्रश्न घोळत असणार: बाईंचं वजन उतरलं किती? तो आकडा कुणी सांगितला नाही म्हणून तुम्ही जरा नाराजही असाल. मावशी तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, दुसऱ्यावर थोडा दम खाऊन. पण ते तुम्ही विचारलंच नव्हतं. अभिनंदन, तुम्ही उत्तीर्ण आहात.