तांबूलात वाटलेली बुलेट

यंत्र म्हटलं की ज्यांचे हातपाय गळतात, अशा माणसांची मला गंमत वाटते. मोटारसायकल म्हणजे शेवटी असतं काय? नट, बोल्ट आणि थोडं पेट्रोल. जे सोडता येतं ते जोडता येतं. हे तत्त्वज्ञान मी ओरत्तनाडूला सासऱ्यांच्या ओसरीवर, पोटभर जेवून, लोडाला टेकून मांडलं. तंजावरच्या विमा कचेरीतल्या माणसाला तत्त्वज्ञान मांडायला सासुरवाडीशिवाय दुसरी जागा नसते.

विषय निघाला होता सासऱ्यांच्या बुलेटचा. सीतारामराव हे माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांची ती जुनी बुलेट भाताच्या पोत्यांमागे कित्येक वर्षं उभी होती. सीटमधल्या खळग्यात कोंबडी अंडी घालत असे, आणि मामा तिला हुसकावत नसत. निदान कोणीतरी गाडीवर बसतंय, एवढंच त्यांना समाधान.

"लग्नांत हिला पापनाशमहून त्याच्यावरच आणलों," मामा स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले. "आता साठी आली. पुन्हा लग्न लावणार. पुन्हा त्याच्यावरच न्यायचं मनांत होतं. पण नीट कोण करणार? कार सांगून ठेवलों."

साठी पुरी झाली की आम्हा तंजावरच्या मराठी माणसांत नवराबायकोचं पुन्हा एकदा लग्न लावतात, अगदी मंगळसूत्रासकट. मामांची साठी विजयादशमीला येत होती, तिरुवैयारुला कावेरीकाठच्या मंडपात. स्वयंपाकघराच्या दारात अंबामामी, म्हणजे माझ्या सासूबाई, उभ्या होत्या. बुलेटचं नाव निघताच त्या लाजल्या. त्या वयात इतकं छान कोणी लाजलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

"कार नको म्हणून सांगा," मी म्हटलं. "दशमीला तुम्ही बुलेटवरून मंडपात जाणार. माझी जबाबदारी."

माझी बायको जयलक्ष्मी पान लावत होती. तिच्या हातातला चुना पानाऐवजी परातीत पडला. "ह्यांना घरच्या फॅनचं रेग्युलेटर बसवता आलं नाही, अप्पा," ती म्हणाली. पण मामांनी तोवर कारवाल्याकडे माणूस पाठवला होता.

बुलेट टेम्पोतून तंजावरला आली. ती बातमी माझ्या आधी कचेरीत पोचली. ते दिवस नव्याचे होते. देशाची दारं उघडली होती, गच्च्यांवर डिश अँटेना उगवत होत्या, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सतीशकुमारने जपानी इंजिनाची नवी कोरी गाडी घेतली होती. ती चालू आहे की बंद, हे वाकून बघावं लागे.

"राममूर्ती सर, लोक जुनं विकून नवीन घेतात, तुम्ही उलटे जाता," तो म्हणाला.

"अरे, ती गाडी आहे. तुझी ती शिवणयंत्राची बहीण."

खोलायला काहीच त्रास झाला नाही. खोलण्याचा आनंद काय सांगू! एक नट सुटला की दुसरा आपणहून खुणावतो. ओसरीवर रॉकेलची परात, तिच्यात चाकांचे, ब्रेकचे, कार्बोरेटरचे अवयव, आणि मी बनियनवर, कोपरापर्यंत काळा. बारीकसारीक वस्तू हरवू नयेत म्हणून मला डब्या हव्या होत्या. त्या कोठीच्या खोलीत आयत्या सापडल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्या. त्या वर्षी नव्याच आल्या होत्या बाजारात. मी त्यात नट, पिना, स्प्रिंगा नीट धुऊन, पुसून, जातवार भरल्या.

सतीशकुमार बघायला आला होता. "कशात काय आहे ते डबीवर लिहा की," तो म्हणाला.

"इथे आहे सगळं," मी कपाळावर बोट ठेवून म्हटलं. कपाळाला ऑइल लागलं.

ह्या डब्या कोठीच्या खोलीत का होत्या, हा प्रश्न मला पडला नाही. तो पडायला हवा होता.

आमच्या घरी माझी आत्या हिराबाई असते. तिला नीट दिसत नाही, पण ते ती मान्य करत नाही. नवरात्रात आमच्याकडे कोलू असतो. पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, गल्लीतल्या बायका बघायला येतात, एखादं गाणं म्हणतात, सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, खातात, आणि जाताना त्यांना तांबूल द्यायचं: पान, सुपारी, हळदीकुंकू आणि एखादी लहानशी भेटवस्तू. अष्टमीला मी कचेरीतून खुशीत घरी आलो. मोठे भाग रविवारीच जोडून झाले होते. आता फक्त डब्या रिकाम्या करायच्या होत्या. ओसरीच्या कट्ट्यावर पाहिलं तर डब्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या. म्हणजे तिथे नव्हत्याच.

"आत्या, इथल्या डब्या कोठे गेल्या?"

"दिलें की," हिराबाई समाधानाने म्हणाली. "परवां जयलक्ष्मी अशीच कोविलाला गेली होती. बायका आल्या. तांबूलाच्या डब्या खोलींत शोधलें, थोड्याच होत्या. बाकीच्या तू बाहेर मांडून ठेवला होतास. बरा मुलगा म्हणून मनांत म्हटलें."

"अगं, पण त्या भरलेल्या होत्या!"

"खुळखुळत होत्या. सुपारी घालून ठेवलास म्हणून समजलें."

मी कट्ट्यावर बसलो. जयलक्ष्मी देवळातून आली, तिने सगळं ऐकलं आणि आधी माझ्यावरच उलटली. तिने ज्या डब्या नवरात्रासाठी घासाघीस करून आणल्या होत्या, त्यांच्यात मी ऑइलचे नट भरले, हा तिच्या मते मूळ गुन्हा. बुलेटचं पुढचं.

"बरं, आता जाऊन परत मागूया," मी म्हटलं.

"तांबूलातलं परत मागायचं?" ती अशा आवाजात म्हणाली, जणू मी तिचं मंगळसूत्र परत मागायला निघालोय. "गल्लीत तोंड दाखवायचं नाही का मला?"

तेवढ्यात तिला बहुधा आईचं लाजणं आठवलं असावं. तिने पदर खोचला, रुमाल आणि ब्लाउजपिसांचं एक गाठोडं घेतलं आणि म्हणाली, "परत मागायचं नाही. चुकून साधी डबी गेली, ही चांगली भेट घ्या, असं सांगायचं. तुम्ही मागे उभे राहा आणि तोंड उघडू नका."

पहिलं घर शेजारच्या राजम मामींचं. ब्लाउजपीस पाहून मामी खुलल्या. डबीचं नाव काढताच कोमेजल्या. "डबी ना? आहे की. जपून ठेवलेय," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन बराच वेळ भांडी वाजवून आल्या. "सापडेल हो. उद्या देते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवरात्रातली भेटवस्तू हा एक प्रवासी प्राणी असतो. ती कोणी उघडत नाही, वापरत नाही. आज इकडून मिळालेली डबी उद्या तिकडच्या तांबूलात जाते. आमच्या घरात एक जांभळं ब्लाउजपीस दर दोन वर्षांनी परत येतं, आम्ही त्याला ओळखतो. पण असं आपण करतो, हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. आणि आम्ही नेमकं तेच विचारत दारोदार फिरत होतो.

"मामी," जयलक्ष्मी हळूच म्हणाली, "मीसुद्धा तसंच करते. कोणाला दिलीत तेवढं सांगा."

राजम मामींनी दार लोटून घेतलं आणि कुजबुजत दोन घरं सांगितली. त्या घरांनी आणखी सांगितली. रात्रीपर्यंत निम्म्या गल्लीने जयलक्ष्मीजवळ कबुलीजबाब दिले होते. प्रत्येक घरी सुंडल खावं लागलं, ते वेगळं. चण्याचं, मुगाचं, वाटाण्याचं. माझ्या पोटात बुलेट सुरू झाली होती.

एका घरी डबी उघडलेली निघाली. तिथल्या मुलींनी कोलूपुढच्या छोट्या बागेत माझं बेअरिंग विहीर म्हणून बसवलं होतं, आणि विहिरीवर एक मातीची बाई पाणी भरत होती. ती बाई हलवताना मला वाईट वाटलं. दुसऱ्या एका घरी सगळ्या स्प्रिंगा मिळाल्या. कार्बोरेटरची सुई थेट तिरुवैयारुला पोचली होती. ती कोणाच्या तरी जावेने बसने परत पाठवली, सोबत निरोप: सुपारी फार कडक आहे.

नवमीला आणखी एक घर लागलं. तिथे क्लचच्या वस्तू होत्या, डोळ्यांसमोर होत्या, पण हात लावायची सोय नव्हती. नवमीला आयुधपूजा. घरातली सगळी हत्यारं देवीपुढे ठेवतात, आणि दशमीची पूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. त्या बाईंनी माझे नट चंदन-कुंकू लावून विळी आणि कात्रीच्या मधोमध मांडले होते.

"आयुधच आहे म्हणून ठेवलें," त्या म्हणाल्या. "आता उद्या सकाळीच."

"उद्या सकाळी तर लग्न आहे!"

"मग पहाटे या."

दशमीच्या पहाटे ते नट चंदनासकट मिळाले. एव्हाना एक हिरवी डबी सोडून सगळं परत आलं होतं. हिरव्या डबीचा माग पार पापनाशमच्या वाटेपर्यंत लागला आणि तिथे पुसला गेला. तिच्यात काय होतं? मी कपाळावर बोट ठेवलं. काहीही आठवलं नाही.

गाडी टेम्पोतून तिरुवैयारुला नेऊन सतीशकुमारने आणि मी ती मंडपामागे जोडली. आश्चर्य म्हणजे सगळं जुळलं. कुठे भोक उरलं नाही, कुठे काही लोंबकळलं नाही. "हिरवीत जास्तीचे नट असणार," मी जाहीर केलं. किक मारली, मारली, पुन्हा मारली. सतीशकुमारने तोंड फिरवून हसणं गिळलं. आणि मग ती बोलली. धड्, धड्, धड्. मंडपातला नादस्वरवाला वाजवायचा थांबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते काही धुराने नव्हे.

चालवून बघायचा मोह झाला, पण आधी मामांनीच बसायचं असं ठरलं होतं. हिराबाईने तर हँडलला झेंडूचे हार गुंडाळायला सुरुवात केलीच होती. तिला नीट दिसत नसल्यामुळे ती कुठे थांबायचं हे हाताने चाचपून ठरवत होती, आणि तिला थांबायची जागा सापडत नव्हती.

मंडपाच्या गल्लीतच एका नातलगाचं घर होतं. तिथून मामा निघाले, जरीचं उपरणं, कपाळाला गंध. मागे अंबामामी, पोपटी शालूत, एका बाजूला पाय सोडून, मामांचा डावा दंड घट्ट धरून. मामांच्या तोंडावर जे हसू होतं त्यासाठी मी आणखी निम्मं तंजावर सुंडल खात फिरलो असतो. मंडपाच्या दारात आरतीचं तबक तयार. गाडी डुलत आली, तबकापाशी पोचली, आणि पुढे गेली.

"प्रदक्षिणा घालताहेत," भटजी कौतुकाने म्हणाले.

मंडपाला वळसा घालून गाडी पुन्हा आली. लोकांनी अक्षता टाकल्या. मामांचं हसू जरा आखडलं होतं. जाता जाता ते मला काहीतरी ओरडून सांगत होते, पण नादस्वर जोरात होतं.

नेमक्या ह्याच वेळी राजम मामी जयलक्ष्मीपाशी आल्या. "परवा तू डबीच्या गडबडीत माझा कोलू न बघताच गेलीस. तुझं तांबूल राहिलं होतं, घे." पानाखाली, बहुधा पापनाशमहून फिरून परत आलेली, एक हिरवी डबी होती. ती खुळखुळली.

जयलक्ष्मीने माझ्याकडे पाहिलं. मी झाकण उघडलं. आत मागच्या ब्रेकच्या दांडीचा नट होता. तो नसला तर दांडी दिसते जागच्या जागी, पण पाय कितीही दाबला तरी चाकाला त्याची खबर लागत नाही. पुढच्या ब्रेकवर आणि रेसच्या मुठीवर हिराबाईचा झेंडू. क्लच दाबावा, तर डावा हात अंबामामींच्या ताब्यात.

मी नट हातात घेऊन गाडीमागे धावलो. का धावलो, कोण जाणे. चालत्या गाडीला नट कसा बसवतात हे काही मला माहीत नव्हतं. सतीशकुमार माझ्यामागे धावला, आणि हाही काही विधी असेल म्हणून दोन-चार पाहुणे त्याच्यामागे धावले. तिसऱ्या फेरीच्या शेवटी माझी कंजुषी कामाला आली. पेट्रोल मी बेताचंच घातलं होतं. बुलेट खोकली आणि आरतीच्या तबकासमोर, जणू ठरवून, उभी राहिली.

सगळीकडे टाळ्या. अंबामामी उतरल्या, गालांना लाली, अंबाडा सुटलेला. "लग्नांत एकदाच सरळ आणलांत," त्या मामांना म्हणाल्या. "आता तीनदा फिरवलांत."

मामांनी माझा खांदा धरला. "मापिळ्ळे," ते जावयाला म्हणजे मला म्हणाले, "कशी गाडी केलीस! थांबायचं नावच नाही." मग आवाज उतरवून, "संध्याकाळी घरीही हिच्यावरच जातों. तेवढं ब्रेकचं बघ." मी मुठीतला नट खिशात टाकला आणि नम्रपणे मान हलवली.

तो नट मी दुपारी बसवला. पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्या वर्षी मामांच्या धाकट्या भावाची साठी आली, तेव्हा भटजींनी यादी सांगितली: कलश, नवी वस्त्रं, होम, आणि मोटारसायकलवरून मंडपाला तीन प्रदक्षिणा. मी काही बोलणार, तोच हिराबाई ठामपणे म्हणाली, "घालायलाच पाहिजे. राजांच्या काळापासून आमच्यांत तशीच चाल आहे." आता कोणाची साठी आली की बुलेट मागायला आमच्याकडे येतात, आणि हार घालायला हिराबाईला नेतात. मी फक्त पेट्रोल बेताचं घालतो.