महागड्या पेटीची परीक्षा

मेहुण्याला एकदा, आयुष्यात फक्त एकदा गप्प करायचं, एवढंच मी ठरवलं होतं. यात माझं काय चुकलं? पण तो शनिवार आठवला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मेहुणा म्हणजे ऑर्डेल, बायकोचा धाकटा भाऊ. (माणसाला बायको निवडता येते, मेहुणा पदरात पडतो.) आम्ही दोघेही हौशी रेडिओवाले. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या आमच्या क्लबात लोक कॉफी घेऊन लवकर येतात ते आमचं भांडण ऐकायला. तर या गृहस्थाने अंगठ्याएवढा एक रेडिओ आणला. लॅपटॉपला खोचायचा, बाकीचं सगळं सॉफ्टवेअर करतं आणि सिग्नल पडद्यावर रेघारेघांनी दिसतात. किंमत दोन पिझ्झांची!

"अख्खं जग ऐकू येतं, आर्व्हिड," तो म्हणाला. "तू आपला उगाच महागाच्या नादी लागू नकोस."

झालं! मी त्याच जातीचा, पण सगळ्यात उंची रेडिओ मागवला. चांगली टाइपरायटरएवढी पेटी आली. माझी बायको व्हर्ना तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "म्हणजे स्वयंपाकघरातल्या माझ्या नव्या ओट्याचे पैसे हेच का?"

"अगं, याचे फिल्टर बघ! शेजारी कुणी बोंबलत असलं तरी यात लांबची कुजबुज ऐकू येते. ऑर्डेलच्या खेळण्यात नुसता कालवा."

"सिग्ने ऐकू येईल?"

सिग्ने आमची मुलगी. ती लांब कॅनडातल्या युकॉनमध्ये हवामान केंद्रावर असते आणि शनिवारी दुपारी बाराला छोट्याशा रेडिओवरून आमच्याशी बोलते. पण कित्येक आठवडे खरखरीपलीकडे काही हाती लागलं नव्हतं. व्हर्ना ती खरखरसुद्धा शेवटपर्यंत ऐकत बसायची.

"येणार म्हणजे काय, येणारच!" मी म्हणालो.

"मग ठरलं. शनिवारी तुझ्या पेटीत सिग्ने ऐकू आली तर पेटी राहील. नाही आली तर सोमवारी पेटी परत आणि माझा ओटा घरात."

शुक्रवारी संध्याकाळी गावालगतच्या तळ्यावरून ढग आले आणि विजा कडाडू लागल्या. अशा वेळी लोक खिडक्या लावतात, आम्ही रेडिओवाले उघडतो. अँटेनाची केबल रेडिओपासून सोडवायची आणि खिडकीबाहेर टाकायची, म्हणजे वीज घरात शिरत नाही. या बाबतीत मी फार काटेकोर आहे. (ऑर्डेल नाही. मी त्याचं वाईट चिंतत नाही, नुसती नोंद करतो.)

शनिवारी ऑर्डेल आयता जेवायला हजर. मी पेटी सुरू केली. पडदा निळाशार, त्यावर एकही रेघ नाही.

"काहीच दिसत नाही रे," व्हर्ना म्हणाली.

"यालाच दर्जा म्हणतात! स्वस्तातले रेडिओ नुसते खरखरतात. अशी शांतता विकत घ्यावी लागते."

"मग तुमचा टोस्टरही उंचीच म्हणायचा," ऑर्डेल म्हणाला आणि आपलं खेळणं घेऊन पोर्चवर गेला.

बारा वाजत आले तरी शांतता हलेना. माझं डोकं फिरलं. विजेची यंत्रं सिग्नलमध्ये लुडबुड करतात म्हणून मी डिशवॉशर बंद केला, फ्रिज बंद केला, कुंपणावरून शेजारच्या बाईंना गॅरेजचं विजेचं दार बंद ठेवायला फर्मावलं. (त्यांनी मला काय फर्मावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.) कंपनीवाल्यांचा उद्धार केला. शेवटी सूर्यावरचे डाग सिग्नल बिघडवतात म्हणून अंगणात जाऊन सूर्यालाही चार शब्द सुनावले. परत आलो तर व्हर्ना तशीच, हात मांडीवर घेऊन पेटीसमोर बसलेली.

"आर्व्हिड, मला तिचा आवाज ऐकायचाय रे."

आता यासाठी कुणावर ओरडायचं? मी पेटीला एक सणसणीत चापट मारली.

तेवढ्यात पोर्चवरून हाक आली, "ताई! लवकर ये! सिग्ने बोलतेय!"

आम्ही धावलो. पायरीवर लॅपटॉप, त्याला ते अंगठ्याएवढं खेळणं, आणि त्यातून सिग्नेचा आवाज, अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. व्हर्ना तिथेच खाली बसली, हसत आणि डोळे पुसत. मलाही भरून आलं होतं, पण रागाने ते वर येऊ दिलं नाही.

"अँटेना कुठली लावलीस रे?" मी दातओठ खात विचारलं.

"तुझ्या खिडकीतून एक केबल लोंबत होती," ऑर्डेल म्हणाला. "मला वाटलं, नव्या पेटीला लागत नसेल."

मी तोंड उघडणार तोच सिग्नेचा आवाज आला, "आई, मी मजेत आहे गं. आणि हो, काल आमच्या नकाशावर तुमच्याकडे विजा दिसल्या. बाबाला सांग, अँटेना परत जोड म्हणावं. दर वादळानंतर विसरतो तो."

"हा अन्याय आहे!" मी ओरडलो. "पुन्हा परीक्षा घ्या!"

"परीक्षा बाराला होती," व्हर्ना म्हणाली.

सोमवारी पेटी परत गेली. आता नव्या ओट्यावर तसलाच एक अंगठ्याएवढा रेडिओ आहे, आणि दर शनिवारी मलाही सिग्नेला ऐकायला बसू देतात. अट एकच: केबल व्हर्ना जोडणार, मी लांब बसायचं.