कॅसेट क्रमांक एकोणचाळीस

वस्तू जपून ठेवण्यात माझा हात धरणारं माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडायचं नाही, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होते. माझ्याकडे सातवीतली कंपासपेटी आहे आणि तिच्यात सातवीतलंच खोडरबर आहे. त्यामुळे विद्यापीठाच्या लोकसाहित्य विभागाचे देवानंद सर म्हणाले, "पूनम, सीमेवरच्या गावांत अठ्ठ्याऐंशी साली ध्वनिमुद्रित केलेल्या चाळीस कॅसेटी आहेत. बुरशी धरायला लागल्यात. घरी बसून संगणकावर उतरवून द्याल का?" तेव्हा मी ओवीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि म्हटलं, "सर, निर्धास्त राहा."

ओवी म्हणजे माझी मुलगी. वय नऊ महिने. झोपेशी तिचं जन्मापासून वाकडं आहे.

सरांनी कॅसेट वाजवायचा एक डेक दिला, वायर दिली आणि नियमांचा कागद दिला. मूळ कॅसेट एकदाच वाजवायची, तीही उतरवतानाच. उतरवली की त्याच दिवशी डब्यात घालून सील करायची. स्वतःसाठी प्रत काढायची नाही. मी कागद दोनदा वाचला आणि कामाला लागले. भात शिजतोय, ओवी पाय ओढतेय, कानाला हेडफोन आणि त्यात कुठल्याशा पाटलाची अठ्ठ्याऐंशी सालची खोकल्याची उबळ. अशा अडतीस कॅसेटी मी तीन आठवड्यांत हातावेगळ्या केल्या.

एकोणचाळिसाव्या कॅसेटवर लिहिलं होतं, 'पाळणा. रेणुकाबाई, भीमपूर, वय ४२.' वायर जोडण्याआधी आवाज कसा आहे ते बघावं म्हणून मी जरा लावली. ओवी तेव्हा नियमांचा कागद खात बसली होती. ती चघळायची थांबली. दुसऱ्या कडव्याला तिची मान कलली. तिसऱ्याला ती चटईवर आडवी झाली, मुठीत उरलेला कागद धरून.

मी पाच मिनिटं हललेच नाही. मग कॅसेट बंद केली आणि अंघोळ केली. सलग. मधे एकदाही दार न उघडता.

त्यानंतर रोज तीनदा रेणुकाबाई आमच्या घरी गाऊ लागल्या. तीन कडवी झाली की ओवी गप आणि मी मोकळी. त्या चोरलेल्या तासांत मी जेवले, केस विंचरले, दोन कविताही लिहिल्या. चाळिसावी कॅसेट उतरवून झाली तरी एकोणचाळिसावी तशीच.

जयदीप, म्हणजे माझा नवरा, मंडल कार्यालयात नोकरीला आहे. पेंडिंग काम त्याला लांबून दिसतं.

"ती एक कधी उतरवणार?"

"उतरवली की सील करावी लागेल. मग हिला झोपवणार कोण, तू?"

"मग मोबाइलवर घेऊन ठेव."

"प्रत काढायची नाही असा नियम आहे. मी नियम मोडणारी बाई नाही."

मूळ कॅसेट एकदाच वाजवायची, हाही नियमच होता. पण तो ओवीने खाल्ला होता.

शुक्रवारी दुपारी रेणुकाबाई दुसऱ्या कडव्यात अचानक पुरुषी आवाजात गाऊ लागल्या. मग रेड्यासारख्या. मग गप्प. मी डेक उघडला तर आत टेपचा गुंता. केस विंचरल्यावर कंगव्यात राहतो तसा, फक्त दोन वितींचा. सोमवारी विद्यापीठाची गाडी कॅसेटी न्यायला येणार होती, आणि रेणुकाबाईंचा आवाज जगात या एका टेपवर होता.

माझा चेहरा बघून सासूबाई आल्या. त्यांचं माहेर भीमपूरजवळचं, आणि वाती वळून वळून बोटं अशी तयार की मुंगीच्या पायातला काटा काढतील. त्यांनी एक इंचही न तोडता सगळी टेप सोडवली. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. इतक्यात ओवी रडली म्हणून मी आत गेले.

परत आले तर सासूबाईंनी ती टेप धोतराच्या दोन घड्यांमध्ये अंथरली होती आणि वरून इस्त्री फिरवत होत्या.

"आई, हे काय करताय?"

"चुरगळली होती ना वं. सुरकुत्या काढून राह्यली."

धोतर उचललं. आत टेपची कुरडई झाली होती. छान, कुरकुरीत, तळायलाच घेण्यासारखी.

सासूबाईंनी ती कुरडई उचलून उजेडात धरली. मग म्हणाल्या, "माह्या हातानं झालं."

"तुमच्या हातानं नाही आई. मी रोज तीनदा वाजवली."

"मंग दोघीच्या हातानं झालं," त्या म्हणाल्या आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

संध्याकाळी जयदीपने पंचनामा केला. उरलं होतं पाऊण कडवं. "सरांना खरं सांग," तो म्हणाला. माझ्या डोक्यात मात्र भलतंच सुरू झालं होतं. रेणुकाबाई अजून हयात असतील तर? त्यांच्याकडून पुन्हा गाऊन घ्यायचं, थोडी खरखर घालायची, आणि गुपचूप त्या जागी ठेवून द्यायचं. सासूबाईंनी बहिणीला फोन लावला. रेणुकाबाई होत्या. ऐंशीला टेकल्या होत्या आणि अंगणात सोयाबीन निवडत होत्या.

रविवारी मी, सासूबाई, ओवी, मोबाइल आणि लंगोटांची पिशवी अशी वरात आरटीसीच्या बसने भीमपूरला पोचली. ओवी वाटभर जागी. मीही.

"कोनाची सून वं तू?" रेणुकाबाईंनी सुपातून मान वर न करता विचारलं. सासूबाईंनी तीन पिढ्यांचा पत्ता सांगितला. मग मी पाळण्याचं सांगितलं.

"हाव, आला होता एक सायेब, टेप घेऊन. गा म्हने. म्या म्हनलं, लेकरू कुठी हाय? रिकाम्या पाळन्यापुढं कोनी गात असते काय? मंग शेजारनीचं लेकरू मांगून आनलं, तवा गायली."

"मग तेवढाच गाल का पुन्हा? तीन-चार कडवी."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तीन-चार? अकरा हायेत. लेकरू चौथ्यातच झोपलं, म्हून म्या थांबली. झोपल्या लेकरापुढं काऊन गावं? सायेबाले वाटलं, सरलं."

म्हणजे विद्यापीठाने पस्तीस-छत्तीस वर्षं कपाटात जपला तो पाळणा अर्धासुद्धा नव्हता. खरखर घालून फसवायचा विचार तिथेच, त्या सुपाशेजारी, गळून पडला. आता हा पाळणा आणायचाच, पूर्ण, आणि खरं सांगूनच द्यायचा.

रेणुकाबाईंनी आढ्याला लुगड्याची झोळी बांधली, ओवीला तीत घातलं. मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केलं, तो शेजारी ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. टेकले, हीच चूक.

आवाज म्हातारा झाला होता, पण झोका तोच. पहिल्या कडव्यात चांदणं होतं. दुसऱ्यात मामा बैलगाडी जुंपत होता. तिसऱ्यात कापसाचं बोंड फुटलं, आणि त्यातून पांढरं पांढरं

जाग आली तेव्हा उन्हं अंगणातून ओट्यावर आली होती. माझ्या डोक्याखाली सासूबाईंचं पातळ घडी करून ठेवलेलं. ओवी टक्क जागी, रेणुकाबाईंच्या मांडीवर बसून सोयाबीन मोजल्यासारखी उडवत होती.

"आई, मला उठवलं का नाही?"

"नऊ महिन्यानं झोपली होतीस," सासूबाई म्हणाल्या. "कशी उठवू वं?"

मला एकदम रडू आलं. ते गिळून मोबाइल कानाला लावला. पाळणा होता, अकराच्या अकरा कडवी. आणि तिसऱ्या कडव्यापासून शेवटापर्यंत माझं घोरणं होतं. साधंसुधं नाही, ट्रॅक्टर चढावर असल्यासारखं.

"रेणुकाबाई, पुन्हा एकदा गाल का?"

"आता गळा बसला. अन् पाळना झाला म्हंजे झाला. एक जन झोपलं ना?"

सोमवारी गाडीबरोबर आलेल्या देवानंद सरांना मी सगळं सांगितलं, इस्त्रीसकट. कुरडई त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती बोटाने टोचून बघितली, मग हेडफोन लावून अकरा कडवी ऐकली. मी ओवीला कडेवर घेऊन उभी, आता पुढचं काम कुठलं मिळतंय असं मनाशी म्हणत.

सरांनी हेडफोन काढला. "सात कडवी नवीन आहेत," ते म्हणाले. मग चष्मा पुसला. "घोरणं काढून टाकू नका. पाळण्याचा परिणाम होतो, याचा आपल्याकडे दुसरा पुरावा नाही."

त्यामुळे विद्यापीठाच्या ऐतिहासिक ध्वनिसंग्रहात आता अशी नोंद आहे: 'पाळणा, संपूर्ण. गायिका रेणुकाबाई, भीमपूर. पार्श्वभूमीला सौ. पूनम.' सासूबाईंनी नार्नूरपासून मंचेरियलपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून सुनेचं नाव विद्यापीठात लागल्याचं कळवलं. पार्श्वभूमीला मी काय करतेय, ते त्या सांगत नाहीत.

सरांनी लेखी परवानगी देऊन एक प्रत मलाही दिली. रोज दुपारी लावते. पहिल्या कडव्याला ओवी डोळे मिटते, दुसऱ्याला मूठ सैल सोडते. तिसऱ्याला माझं घोरणं सुरू होतं आणि ती दचकून उठून बसते.