हमीदभाईंचे चार संगणक

भारनियमनाची वेळ जवळ आली की हमीदभाई खुर्चीवर उभे राहत आणि गाडी सुटताना गार्डने शिटी फुंकावी तशा आवेशाने ओरडत, "सेव्ह करा रे! सेव्ह करा!" वीज जायला तेव्हा दहा मिनिटे असत. नागभीडच्या स्टेशन रस्त्यावरच्या त्यांच्या इंटरनेटच्या दुकानात अनेकदा मी एकटाच बसलेला असे. तरीही घोषणा अनेकवचनीच होई.

ही सवय पुढे संगणकापुरती राहिली नाही. एकदा शेजारचा एक धानवाला शेतकरी मुलीचे लग्न जमल्याचे सांगायला आला. हमीदभाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सेव्ह केलं ना?"

"हो जी," तो म्हणाला, "काल साक्षगंध झालं."

"मंग ठीक. आता लाइट गेली तरी भेव नाई."

इंटरनेटच्या आधी त्या जागेत त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. लोकांनी घड्याळे दुरुस्त करणे सोडले, म्हणून त्यांनी चार जुने संगणक आणले. डोळ्यावरचे भिंग मात्र सोडले नाही. माउस अडखळू लागला की ते भिंग डोळ्यात बसवून त्याचा गोळा बाहेर काढीत आणि चिमट्याने त्यातली घाण वेचीत. दर तासाला स्वतःच्या टेबलावरच्या संगणकावर ते काहीतरी उघडीत, क्षणभर पाहत आणि "लाइन स्लो हाय" म्हणून बंद करीत. माझी लाइन तेव्हा उत्तम चाललेली असे. मी कधी विचारले नाही. विचारणे हा माझा स्वभाव नव्हे.

मी त्या वेळी बेचाळीस वर्षांचा होतो. एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात अकरा वर्षे इंग्रजी शिकवीत होतो. विनाअनुदानित म्हणजे हजेरीपटावर नाव असते, पगारपत्रकावर नसते. घर बायकोच्या, सुनंदाच्या, शिलाई मशीनवर चालत होते. अनुदान कधी येणार, हे विचारणे तिने केव्हाच थांबवले होते, आणि ते न विचारणे मला अधिक लागत असे. माझे नाव छापलेला एक चेक एकदा तिच्या हातात ठेवावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा उरली होती.

अशात वर्तमानपत्रात वाचले की इंटरनेटवर इंग्रजी लेख लिहून पैसे मिळतात. एका परदेशी संकेतस्थळावर मी खाते उघडले. लेखाच्या बाजूला जाहिराती येत. वाचकाने जाहिरात दाबली की लेखकाच्या खात्यात काही सेंट जमा होत. शंभर डॉलर झाले की चेक निघे. हा व्यवहार मी पहिल्याच दिवशी हमीदभाईंना सविस्तर समजावून सांगितला. शिक्षकाला दुसरे येते काय?

विषय संकेतस्थळवालेच देत. बर्फ उपसण्याचे फावडे कसे निवडावे. कुत्र्याचे दात कसे घासावेत. पोहण्याच्या तलावातले शेवाळ. व्याकरणात एकही चूक नसलेले ते लेख हमीदभाई भिंग लावून, ओळीखाली बोट ठेवून वाचीत.

"सर, हे बरफ तुम्ही पाह्यलं का?"

"लग्नातल्या सरबतात पाहिले आहे."

"अन् फावडं?"

"रोजगार हमीवर."

"मंग काऊन लिहून राह्यले जी? आपल्या इथच्या मोहफुलावर लिहा ना. पहाटे बाया येचतात, थे तरी डोयानं पाह्यलं हाय."

मोहफुलांशेजारी कोणती जाहिरात येणार, असे मी म्हणालो. ते मान हलवून म्हणाले, "बरोबर. आपल्या इथी इकण्यासारखं काई नाई."

पहिला महिनाभर माझ्या खात्यात शून्य होते. मी त्या शून्याकडे पाहत बसे. मग आकडा हलू लागला. रोज थोडाच, पण नेमाने. जगात कुठेतरी बर्फाळ गावातला कुणी माणूस माझा लेख वाचून फावडे घेतो आहे, या कल्पनेने मी वर्गातही ताठ उभा राहू लागलो. तेव्हापासून सात महिन्यांनी खात्यात त्र्याण्णव डॉलर झाले. न राहवून मी सुनंदाला सांगितले. तिने शिवण थांबवले आणि मशीनवर हात ठेवून माझ्याकडे बघितले. तसे तिने अनेक वर्षांत बघितले नव्हते.

त्यानंतर आठवड्याने सूचना आली. तुमच्या लेखांवरच्या जाहिराती रोज एकाच ठिकाणाहून दाबल्या जात आहेत. खाते कायमचे बंद. जमा रक्कम रद्द.

"चेक आला का, सर?" हमीदभाईंनी विचारले.

मी सूचनेचा अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा उजळला.

"बरोबर म्हणून राह्यले थे! मीच दाबत होतो. सकाळी दुकान उघडलं का चारही मशीनवर. सात महिन्यात एका दिवसाचा खाडा नाई. अन् नुसतं दाबलं नाई हो, वाचलं बी. कुत्र्याचे दात तर पाठ हायेत मले."

मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. उभ्या आयुष्यात मी कोणाला टोचून बोललो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, "हमीदभाई, माझा एकमेव वाचक एक घड्याळजी निघाला, आणि त्यानेच मला बुडवले."

त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवले. मग हलकेच म्हणाले, "तुम्ही त्या शून्याकडे पाहत बसत होते ना जी. मले नाई पाहवलं. शून्य कसं दिसते, मले मालूम हाय."

त्यांनी आपला संगणक माझ्याकडे वळवला. त्यांचे मेलचे पान उघडे होते. मुलगा सलीम आखाती देशात गेल्याचे मला माहीत होते. त्याचे शेवटचे पत्र पावणेदोन वर्षांपूर्वीचे होते. त्याच्या वरती काहीही नव्हते. नवीन पत्रे, शून्य.

"लाइन स्लो हाय," ते म्हणाले आणि पान बंद केले.

मी पंधरा दिवस तिकडे फिरकलो नाही. सोळाव्या दिवशी दुपारी गेलो. त्यांनी तीन नंबरच्या संगणकाची खुर्ची पुसली. मी हमीदभाईंच्याच मेलच्या पत्त्यावर पत्र लिहायला घेतले. मराठीत, चारच ओळी. पहिली जमली. दुसरीत क्षमा मागायची होती, तिथे अडलो. "सेव्ह करा रे! सेव्ह करा!" अशी घोषणा झाली. दहा मिनिटे होती. वाक्य नेमके व्हावे म्हणून मी शब्द बदलत राहिलो.

वीज गेली. बंद पंख्याखालून हमीदभाईंचा आवाज आला.

"सर, सेव्ह केलं ना?"

"हो," मी म्हणालो.

ते पत्र मी पुन्हा लिहिले नाही.