तेमिरच्या वाटचं

अनिपा आपांनी बरणी काउंटरवर ठेवली तेव्हा कुबातने आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. आपा सकाळी सकाळी बरणी घेऊन दुकानात आल्या की आत काय असतं, हे काराकोल शहरातल्या अख्ख्या बाजारात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"गेला बिचारा," आपा म्हणाल्या आणि रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

"काय घातलं होतंत खायला?"

"काय घालणार? घरात होतं ते. पिठाचे दोन तळलेले गोळे, बोरसोक. वर थोडी साय."

"आपा, मी काय सांगितलं होतं?"

"एक चिमूट, दिवसातून एकदा." आपांना पाठ होतं. "पण बाळा, जेवायला मी एकटी, समोर तो. काचेला तोंड लावून बघत राहतो. घास घशाखाली उतरतो का? मग शेजारची ऊल्कान आली, तिनं घातलं. तिची सून आली, तिनं घातलं. नानचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय माझ्या घरातून कुणी बाहेर गेलेलं नाही आजवर."

"मासा कुठे बाहेर चालला होता?"

"गेलाच की शेवटी," आपा म्हणाल्या.

कुबातने बरणी आत नेऊन ठेवली. वर्षानुवर्षं तो या दुकानात मासे विकत होता आणि सल्ला फुकट देत होता. फुकट म्हणूनच बहुधा तो कुणी नेत नसे. थंडीत माशांना हुडहुडी भरेल म्हणून एका गृहस्थाने टाकीत किटलीतलं उकळतं पाणी ओतलं होतं. शाळेतल्या एक बाई दर रविवारी टाकी साबणाने लख्ख घासत. सांगताना सगळे मान डोलवायचे, आणि ती मान डोललेली पाहिली की कुबात सुस्कारा सोडायचा. प्रत्येक माशाचं त्याला खरोखर वाईट वाटे. सांगायला घरी कुणी नव्हतं, म्हणून तो तेमिरला सांगत असे.

तेमिर म्हणजे काउंटरमागच्या टाकीतला म्हातारा सोनेरी मासा. एका हिवाळ्यात दुकानाची वीज गेली, टाकीतले बाकीचे सगळे मेले, हा शेपटी फाटून का होईना पण उरला. किर्गिझ भाषेत तेमिर म्हणजे लोखंड. हे नाव कुबातनेच ठेवलेलं, आणि तो विक्रीला नाही हेही त्यानेच ठरवलेलं.

"दोष खाण्यात नाही," आपा म्हणाल्या. "नजर लागते. ऊल्कान 'काय गुटगुटीत आहे' म्हणाली आणि संध्याकाळी हा उलटा. यावर एकच उपाय. माझ्या नवऱ्याआधीची भावंडं जगत नव्हती. तेव्हा सासूबाईंनी त्याला जन्मल्याबरोबर खिडकीतून शेजारणीला कोंड्याच्या वाटीला विकलं आणि तेवढ्यालाच परत विकत घेतलं. मरणाला वाटलं, पोर दुसऱ्याचं. चांगला म्हातारा होऊन गेला. आता मासाही तसाच घ्यायचा. चिवट जिवाचा हवा." त्यांनी बोट दाखवलं. "हा."

"तो विकायचा नाही, आपा."

नेमका त्याच वेळी मालक मक्सात बुटांवरचा बर्फ झटकत आत आला. "दुकानात न विकण्यासारखं काय असतं, कुबातदादा?" असं म्हणून त्याने स्वतःच जाळी उचलली. कुबातने तोंड उघडलं आणि मिटलं. टाकीत तेमिरही तेच करत होता.

"आणि खिडकीबाहेर तूच उभा राहायचंस," आपांनी कुबातला बजावलं. "तुझ्या हातचे सगळे मरतात. म्हणजे मरणाची तुझी चांगली ओळख आहे. तुझा आहे म्हटल्यावर ते याच्या वाटेला जाणार नाही."

दुपारी आपांच्या खिडकीखाली अख्खी गल्ली जमली. कुबात कोंड्याची वाटी घेऊन बर्फात उभा राहिला. आठवड्याभरात हा मासाही बरणीतून परत येणार, यात त्याला शंका नव्हती. पण वाटेत त्याला एक युक्ती सुचली होती. आपांनी खिडकीतून पातेलं पुढे केलं. त्याने वाटी दिली आणि पातेलं घेतलं. आत तेमिर होता.

"चल, आता परत विक," आपा म्हणाल्या.

"नाही विकत."

कुबातने पातेलं कोटाखाली घेतलं. "तुम्ही विकलात, मी घेतला. एवढी माणसं साक्षीला आहेत. आता तो माझा."

आता शिव्या पडणार म्हणून त्याने खांदे आवळले. आपांनी मात्र कोंड्याची वाटी आत ठेवली.

"शहाणा आहेस," त्या म्हणाल्या. "परत आणला तर मरणाला पत्ता कळेल. राहू दे तुझ्याकडेच. म्हणजे तू आता आमचा सोयरा झालास." शेवटचं वाक्य कुबातने नीट ऐकलंच नाही. पातेलं सांभाळत तो दुकानाकडे निघाला, आणि इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळीच आपा, ऊल्कान आणि ऊल्कानची सून झाकलेले वाडगे घेऊन दुकानात आल्या.

"पोराला बघायला आलोय," ऊल्कान म्हणाली. "रिकाम्या हाताने कसं यायचं?" आणि मेंढीच्या चरबीचा तुकडा चिमटीत धरून ती टाकीवर वाकली. मालकाला काही सांगण्यात अर्थ नव्हता. आलेल्या बायका जाताना काही ना काही विकत नेत होत्या, आणि मक्सात त्यांच्यासाठी स्टुलं मांडत होता.

कुबात टाकीला पाठ लावून उभा राहिला. "आपा, अंगावर पिणाऱ्या पोराच्या वाटचं मटण आलं तर खातं कोण?"

"बाप," आपा म्हणाल्या.

"मग आणा इकडे."

त्याने चरबी खाल्ली. बोरसोक खाल्ले. साय खाल्ली. तेमिर वाचला. पण बातमी गल्लीतून बाजारात गेली, आणि वाईट नजरेतून सुटलेला मासा बघायला रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. प्रत्येकाच्या हातात वाडगा. कुबात तेमिरच्या वाटचं खात राहिला. आधी त्याच्या कोटाची बटणं लागेनात, मग जिना चढताना धाप लागू लागली, आणि एकदा तर काउंटरवरच घेरी आली. तेव्हा मक्सातने त्याला दवाखान्यात धाडलं.

"तुपकट बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूठभर जेवण, ठरल्या वेळी. आल्यागेल्याने हातावर ठेवलं तरी तोंडात टाकायचं नाही. नाहीतर जिवावर बेतेल. कळलं?"

कुबातने मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी त्या मानेकडे पाहून सुस्कारा सोडला. असा सुस्कारा कुबातने आयुष्यभर सोडला होता, त्यामुळे तो मनातून चांगलाच हादरला. आज आपांना स्पष्ट नाही म्हणायचं, असं ठरवूनच तो दुकानात शिरला.

आपा शेगडीजवळ बसल्या होत्या. मांडीवर मोठा वाडगा होता. आज सोबत कुणी नव्हतं.

"एल्दोसचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. एल्दोस त्यांचा मुलगा, मॉस्कोत बांधकामावर होता. "यंदाही सुट्टी नाही म्हणे. येईल असं वाटलं होतं मला. त्याच्या वाटचंही शिजवून बसले."

कुबातने वाटेत घोकलेलं वाक्य आठवून पाहिलं. मग त्याने स्टूल पुढे ओढलं.

"वाढा," तो म्हणाला.

मटण छान झालं होतं. समोर तेमिर काचेला तोंड लावून बघत होता, आणि कुबातचा घास घशाखाली उतरेना. त्याने बोरसोकचा तुकडा मोडला आणि हात टाकीकडे नेला.

आपांनी फटकन त्या हातावर चमचा मारला.

"वेडा का तू? एक चिमूट, दिवसातून एकदा. मरेल तो. तुम्हा लोकांना सांगायचं तरी किती वेळा?" असं म्हणून त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक चमचा चरबी वाढली.