पाच माणसं हवीत

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लॉण्ड्रीच्या फाटकाबाहेर वीसेक माणसांची रांग लागली होती. शेवटची दोघं सोडली तर सगळ्यांच्या अंगावर एकच निळा गणवेश होता आणि प्रत्येकाच्या खिशावर तळ्याचं चित्र होतं. शेवटच्या दोघांत एक आजोबा होते, डोक्यावर उन्हाची टोपी आणि गळ्यात दुर्बीण. त्यांच्या शेजारी पाण्याची बाटली घेतलेल्या आजी.

ताईंनी हे खिडकीतून पाहिलं आणि आधी त्यांना फार बरं वाटलं.

ताई या लॉण्ड्रीच्या इस्त्री विभागाच्या प्रमुख. मालकांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळेच त्यांना ताई म्हणत. गावातल्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल इथे धुऊन, इस्त्री होऊन, घड्या घालून परत जात. दोन महिन्यांपूर्वी जवळच शर्टांचा कारखाना निघाला आणि इस्त्रीची पाच माणसं एका आठवड्यात तिकडे गेली. तेव्हापासून संध्याकाळची पाळी ताई स्वतः टेबलाशी उभ्या राहून काढत होत्या. घरी पोचेपर्यंत नवरा आणि मुलगी जेवून झोपायच्या तयारीत असत आणि ओट्यावर ताईंचं ताट झाकून ठेवलेलं असे. "आपल्या घरात तिघं राहतात," नवरा एकदा म्हणाला होता, "मी, लेक आणि ते झाकण." तो हसत म्हणाला होता, पण ताईंना ते लागलं होतं. मालकांनी शब्द दिला होता की पाच माणसं मिळाली की त्यांना दिवसपाळी. माणसं मात्र ताईंनीच शोधायची.

त्यांनी आधी फाटकावर कागद लावला. तो आत येणारे कामगार वाचत, म्हणजे ज्यांना नोकरी होती तेच. पेपरात जाहिरात द्यावी म्हटलं तर मालकांना खर्च ऐकूनच खोकला आला. शेवटी मुलीने सल्ला दिला. "आई, ज्यांना कळवायचंय ती माणसं दिवसभर कशाकडे बघतात, तिथे लिही ना."

मुलीच्या मनात मोबाइल होता. ताईंच्या डोळ्यांसमोर चादरींचा गठ्ठा आला.

लॉण्ड्रीतून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्याला आणि टॉवेलाला पांढऱ्या कागदाची पट्टी गुंडाळलेली असे. पट्टीच्या एका बाजूला लॉण्ड्रीचं नाव, पत्ता आणि इस्त्री विभागाचा, म्हणजे ताईंच्याच मोबाइलचा, नंबर छापलेला, दुसरी बाजू कोरी. कडक इस्त्रीची चादर हातात घेऊन जो क्षणभर थांबतो, त्याला इस्त्रीतलं कळतं, असं ताईंचं ठाम मत होतं. अशा माणसापर्यंत पोचायला याहून चांगली जागा नव्हती. त्यांनी रबरी शिक्का करून घेतला. त्यात तीनच ओळी मावत होत्या. शनिवार सकाळी नऊ. पाच माणसं हवीत. दुपारचं जेवण आमच्याकडे, रविवारी सुट्टी.

शिक्का घरी आणला तेव्हा नवऱ्याने तो वहीवर उमटवून पाहिला.

"माणसं कशासाठी हवीत ते कुठंय?"

"अहो, इस्त्रीच्या चादरीवर इस्त्री असं कशाला लिहायचं? पाण्याच्या टाकीवर कुणी पाणी लिहितं का?"

"लिहितात," नवरा म्हणाला.

ताईंनी ते मनावर घेतलं नाही. आठवडाभर जो गठ्ठा बाहेर गेला तो शिक्का घेऊनच गेला, आणि सगळ्यांत जास्त गठ्ठे गेले ते तळ्याकाठच्या हॉटेलात. ते लॉण्ड्रीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक.

म्हणून रांगेतला निळा गणवेश ताईंना ओळखीचा वाटला, पण कुठला ते पटकन आठवेना. पहिल्या नंबरावरच्या काकू आत येऊन खुर्चीवर ऐसपैस बसल्या. कामाचा अनुभव विचारला तेव्हा म्हणाल्या, अनुभव म्हणजे काय, रोज तुमच्याच चादरी घालतो आम्ही. तळ्याकाठच्या हॉटेलात खोल्या आवरतो. पट्टी फाडताना शिक्का दिसला. काम कसलं ते कळलं नाही, पण रविवारी सुट्टी हे सगळ्यांना कळलं.

ताईंनी खिडकीतून रांगेकडे पुन्हा पाहिलं. "सगळे इथे आलात, मग आज तिकडे कोण आहे?"

"सुभेदार आहेत की."

"एकटे?"

"शनिवारी जुने पाहुणे जातात, नवे येतात. फार काम पडतं," काकू समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "म्हणून तर आलो."

सुभेदार म्हणजे हॉटेलच्या खोल्यांचे मुख्य. सैन्याशी त्यांचा संबंध नव्हता. पलंगावरच्या चादरीचे चारही कोपरे ते ज्या नजरेने तपासत, त्यावरून हाताखालच्यांनी हे नाव ठेवलं होतं.

तेवढ्यात मालक आले. त्यांच्या कानाला लावलेल्या फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. लॉण्ड्रीची गाडी हॉटेलच्या मागच्या दाराशी उभी होती. धुतलेले गठ्ठे उतरवायला माणूस नव्हता आणि मळलेले कपडे गाडीत टाकायलाही नव्हता. पाहुणे दिवाणखान्यात आपापल्या बॅगांवर बसले होते आणि हॉटेलच्या मॅनेजरला दुसरी लॉण्ड्री सुचायला लागली होती. मालकांनी फोन ठेवला, रांगेकडे पाहिलं, मग काकूंच्या हातातल्या पट्टीकडे.

"ताई, तुम्हाला पाच माणसं कशासाठी हवीत?"

"चादरींच्या इस्त्रीसाठी."

"त्या चादरी घालतं कोण?"

ताईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली.

"ही माणसं इथे आली तर तिकडे चादरी घातल्या जाणार नाहीत," मालक शांतपणे म्हणाले, "घातल्या नाहीत तर मळणार नाहीत, मळल्या नाहीत तर धुवायला येणार नाहीत. मग तुमची पाच माणसं इस्त्री कशावर फिरवणार? माझ्या डोक्यावर?" आणि त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला की त्या हॉटेलातलं एकही माणूस घ्यायचं नाही आणि सगळ्यांना ताबडतोब परत पोचवायचं.

ताईंनी बाहेर जाऊन रांगेला खरं ते सांगितलं. चूक माझी, शिक्का नोकरीसाठी होता, पण तुम्हाला घेता येणार नाही, परत चला, आवरायला मीही येते. कुणी फारसं चिडलं नाही. काकू म्हणाल्या, चार घटका बसायला मिळालं हेही काही कमी नाही. चिडले ते फक्त आजोबा.

"म्हणजे होडी नाही?"

कसली होडी, ते ताईंना आधी कळेना. आजोबा आणि आजी त्याच हॉटेलात उतरले होते. टॉवेलावरची पट्टी वाचून त्यांनी निष्कर्ष काढला होता की हॉटेलने सहल काढली आहे. पाच माणसं जमली की निघणार, जेवण त्यांच्याकडे. ताईंनी रविवारच्या सुट्टीबद्दल विचारलं.

"होडीवाल्याला रविवारी सुट्टी असेल, म्हणून शनिवारी ठेवलंय," आजोबा म्हणाले. "त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"मी म्हणत होते, विचारून घ्या," आजी म्हणाल्या. "पण नाही. आणि जेवणाचं काय हो ताई? ते लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. ताईंनी आपला डबा आजींच्या हातात दिला.

लॉण्ड्रीच्या दुसऱ्या गाडीत गठ्ठ्यांवर बसून सगळी मंडळी निघाली. आजोबांना ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली आणि वाटेत तळं दिसल्यावर त्यांनी दुर्बीण काढली. हॉटेलात पोचल्यावर ताईंनी पदर खोचला आणि काकूंच्या जोडीने पलंगामागून पलंग आवरले. आपलीच इस्त्री आपल्याच हाताने मोडताना त्यांना जिवावर येत होतं. दुपारी पाहुणे बॅगांवरून उठून खोल्यांत गेले आणि मॅनेजर दुसऱ्या लॉण्ड्रीचा विषय काढेनासा झाला.

सुभेदार शेवटी आले. उंच, वाळके, सकाळपासून एकट्याने चार खोल्या आवरून घामाघूम झालेले. त्यांनी ताईंनी घातलेल्या चादरीचे कोपरे पाहिले. मग जमिनीवर पडलेली एक पट्टी उचलली, शिक्क्याची बाजू वर करून नीट वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. कचरा उचलण्याची त्यांची सवय असेल, असं ताईंना वाटलं.

मळलेले कपडे सकाळी गाडीत पडलेच नव्हते, त्यामुळे संध्याकाळी इस्त्रीला एक रुमालसुद्धा नव्हता. मालकांनी हात झटकले आणि ताईंना घरी जायला सांगितलं. दोन महिन्यांत प्रथमच त्या उजेडात घरी पोचल्या. दार उघडणारी मुलगी आईला बघून आधी घाबरलीच.

तिघं एकत्र जेवायला बसली. ताईंनी घडला प्रकार सांगितला, नवऱ्याला होडीच्या ठिकाणी ठसका लागला आणि मुलीने मी मोबाइल म्हणत होते गं आई, असं तीनदा सांगितलं. भाजी गरम होती. नवऱ्याने सवयीने हातात घेतलेलं झाकण तसंच धरून इकडेतिकडे पाहिलं.

"हे कुठे ठेवायचं असतं गं?"

ताईंनी ते त्याच्या हातून घेतलं आणि मांडणीच्या सगळ्यांत वरच्या फळीवर, मागे सरकवून ठेवलं. आजचा दिवस तरी, त्या म्हणाल्या. सोमवारपासून पुन्हा टेबल होतंच.

तेव्हाच फोन वाजला. ताईंनी निरोप वाचला आणि घास हातातच राहिला.

"कोण आहे?" नवऱ्याने विचारलं.

"सुभेदार."

"रागावलेत?"

ताईंनी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने मोठ्याने वाचलं. "हॉटेलच्या खोल्यांचा मुख्य लिहितोय. पट्टी वाचली. मी धरून आम्ही बरोबर पाचजण आहोत. सोमवारी सकाळी नऊला येतो. आमच्या साहेबांना अजून सांगितलेलं नाही. तुमच्याही साहेबांना सांगू नये. काम कशाचं आहे ते मात्र कळवावं."

मुलीने वरच्या फळीकडे पाहिलं, मग आईकडे.

"उत्तर काहीही दे," शेवटी नवरा म्हणाला, "पण या वेळी सगळं लिही."

ताईंनी हात धुतले, पुसले आणि फोन घेऊन खुर्चीत बसल्या. रात्री साडेनऊपर्यंतची माहिती अशी की पडद्यावर 'इस्त्री' एवढा एकच शब्द लिहून झाला होता, तो दोनदा खोडून पुन्हा लिहिला होता, आणि निरोप अजून गेलेला नव्हता.